इमर्जन्सी वॉर्डातलं औषध आणि फार्मसी शिकलेली आपली मुलं

आपल्या वस्त्यांमध्ये आज फार्मसी शिकलेला मुलगा किंवा मुलगी सहज भेटते. कुणी डी.फार्म., कुणी बी.फार्म. बारावी सायन्सनंतर एमबीबीएसचा नंबर हुकला, इंजिनीअर होऊन घरी बसलेली शेजारची पोरं डोळ्यांसमोर होती, म्हणून घरच्यांनी फार्मसी निवडली. निदान मेडिकल टाकता येईल, हा हिशोब. प्रत्यक्षात दुकान टाकायला भांडवल लागतं आणि ते नसतं. मग काही जण दुसऱ्याच्या काउंटरमागे दहा-दहा तास उभे राहतात. काही जण आपलं रजिस्ट्रेशन एखाद्या दुकानाला महिन्याच्या ठरावीक रकमेवर 'लावून' देतात आणि स्वतः गोदामात पॅकिंगच्या कामाला जातात. हे बेकायदा आहे, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट असतं, त्यावरच्या फोटोतला माणूस मात्र दुकानात नसतो.

आता दुसरीकडे पाहू. त्याच शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री औषध कोण काढतं, कोण मोजतं, कोण तपासतं? बहुतेक सरकारी रुग्णालयांत ओपीडी संपली की औषध विभागाची खिडकी बंद होते. रात्री वॉर्डातल्या कपाटाची किल्ली सिस्टरकडे असते. डॉक्टर तोंडी सांगतात, सिस्टर काढतात, भरतात आणि देतात. म्हणजे औषधाचं शिक्षण घेतलेला माणूस बाहेर बेकार आहे आणि जिथं एका मिलिलिटरच्या चुकीनं जीव जातो, तिथं औषध तपासायला कुणी नाही. या दोन गोष्टींचा संबंध आपल्या चळवळीनं अजून जोडलेला नाही. तो जोडावा, म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून भिवंडी घेऊ. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ७ लाखांच्या वर होती. त्यानंतर गोदामं वाढली, परराज्यांतून कामगार आले, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींची शहरं झाली. या सगळ्यांसाठी सरकारी रुग्णालय म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे आयजीएम म्हणतात. ते पूर्वी महापालिकेचं होतं, नंतर राज्य सरकारकडे गेलं. खाटा १००. मुंबई-नाशिक महामार्गावरचे अपघात, यंत्रमागात सापडलेले हात, शॉक लागलेले कामगार, ग्रामीण भागातून येणारे सर्पदंश, कुत्रा चावलेली लहान मुलं, हे सगळं आधी इथं येतं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, मृतांची संख्या ४० च्या आसपास गेली. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली, ८ जण गेले. अशा दिवशी शंभर खाटांच्या रुग्णालयावर काय येतं, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

आयजीएममधून पेशंट पुढे ठाण्याला किंवा कळव्याला पाठवतात, तिथून सायन किंवा जेजेला. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दीड महिन्यात नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ मृत्यू झाले, त्यात नवजात बाळं होती. दोन्ही वेळी चर्चा झाली ती खाटा, डॉक्टर आणि औषधांच्या तुटवड्याची. तो प्रश्न खराच आहे. त्याच वर्षी राज्यानं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला, १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. खरेदीवर बोललं गेलं, मोफतवर बोललं गेलं. पण खरेदी झालेलं औषध पेशंटच्या शिरेत जाईपर्यंतच्या शेवटच्या दहा फुटांवर कुणी बोललं नाही.

त्या दहा फुटांत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यातल्या अनेकांना फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या काढून देणारा एवढंच माहीत आहे.

ॲड्रेनालिन घ्या. एका मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. इंजेक्शनची किंवा माशीच्या डंखाची जबर ॲलर्जी होऊन माणूस कोसळला, तर मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला मात्र पूर्ण १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी. औषध तेच, अँप्युल तीच. ॲलर्जीच्या, अजून नाडी चालू असलेल्या पेशंटला घाईत स्नायूतला डोस शिरेतून दिला, तर त्याचं हृदय बिघडू शकतं. झटके येणाऱ्या लहान मुलाला फेनिटॉइन द्यायचं तर वजनाप्रमाणे मोजायचं, सलाइनमध्येच मिसळायचं. ग्लुकोजमध्ये मिसळलं की त्याचे कण होतात. नवजात बाळाला सेफ्ट्रिॲक्सोन आणि कॅल्शियम असलेलं सलाइन एकत्र चालत नाही. सर्पदंशावरच्या लसीचा डोस मुलाला कमी करायचा नसतो, कारण सापानं विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. शेतातलं कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला ॲट्रोपिन लागतं, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या अँप्युलमध्ये ते जेमतेम ०.६ मिलिग्रॅम असतं. विषबाधा गंभीर असेल तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जावं लागतं. दोन-चार अँप्युलनी भागत नाही, डझनांनी लागतात. तेवढ्या कपाटात आहेत का, नसतील तर जवळ कुठं आहेत, हे ज्याला आधीपासून माहीत आहे असा माणूस तिथं हवा.

भिवंडीत आणखी एक गुंतागुंत आहे. यंत्रमागाची धूळ, दाटीवाटीची घरं आणि अर्धपोटी काम, यामुळे टीबीचं ओझं इथं मोठं आहे. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन बाकीच्या अनेक औषधांचा परिणाम कमी करतं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सच्या काही गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीवरची काही औषधं. पेशंट बेशुद्ध येतो, सोबतच्या नातेवाइकाकडे प्लास्टिकच्या पिशवीत पाच प्रकारच्या अर्ध्या-मुर्ध्या स्ट्रिप्स असतात. काही सरकारी, काही गल्लीतल्या दवाखान्यातल्या, काही गावाकडच्या. नातेवाईक मराठी बोलतो, कधी उर्दू, कधी भोजपुरी, कधी पद्मशाली घरातला असेल तर तेलुगू. ती पिशवी ओतून, स्ट्रिप वाचून, विचारपूस करून हा माणूस रोज काय घेत होता याची यादी पंधरा मिनिटांत करणं हे स्वतंत्र काम आहे. एकट्या ड्युटी डॉक्टरसमोर वीस पेशंट असताना त्याच्याकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे, आणि सिस्टरवर टाकणं त्याहून मोठा.

महावग्गात आजारी भिक्खूची सेवा कुणी करावी हे सांगताना पाच गुण दिले आहेत. त्यातला पहिला औषध तयार करता येणं हा आहे, आणि दुसरा रोग्याला काय चालतं व काय चालत नाही हे ओळखणं. करुणेचा उल्लेख त्यानंतर येतो. बुद्धांच्या संघात औषध देणं हे कौशल्य मानलं गेलं होतं. आपल्या आरोग्य खात्यात ती अजून कारकुनी आहे. सरकारी रुग्णालयातला औषध निर्माण अधिकारी दिवसभर काय करतो ते जाऊन पाहा. ई-औषधीवर साठ्याच्या नोंदी, मागणीपत्रं, एक्स्पायरीचे तक्ते, खिडकीवरची रांग. वॉर्डात जायला त्याला वेळ नाही आणि कुणी बोलावतही नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून काही रुग्णालयांनी अपघात विभागात फार्मासिस्ट ठेवायला सुरुवात केली. आज तिथं याची ठरलेली वाट आहे. फार्म.डी. झाल्यावर एक वर्ष रुग्णालयात सर्वसाधारण रेसिडेन्सी, त्यानंतर आणखी एक वर्ष फक्त इमर्जन्सी मेडिसिनमध्ये. या काळात पगार मिळतो, वर अनुभवी फार्मासिस्टची देखरेख असते. २०२२ पासून या शाखेसाठी स्वतंत्र बोर्ड परीक्षाही आहे. हृदयविकाराचा पेशंट आला की डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट तिघं एकदम पलंगाजवळ जातात. एक छाती दाबतो, एक शीर शोधतो, एक औषध भरून तयार ठेवतो आणि वेळ मोजतो. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि वजनावर मोजावं लागतं. फार्मासिस्ट तिथंच असला की ते लवकर सुरू होतं आणि चुका कमी होतात, हे तिथल्या अभ्यासांनी वारंवार दाखवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं आव्हान सगळ्या देशांसमोर ठेवलं. ती पाच वर्षं संपून गेली.

आपल्या देशात काय आहे? इमर्जन्सी मेडिसिनची एम.डी. २००९ मध्ये मान्य झाली, म्हणजे डॉक्टरांसाठी ही शाखा उशिरा का होईना आली. फार्मासिस्टसाठी सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम त्याच्या एक वर्ष आधी, २००८ च्या नियमांनी सुरू झाला. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष इंटर्नशिप. नियमात त्याला 'इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी' असंच म्हटलं आहे. चौथ्या वर्षाला विषशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे पुस्तकात पाया घातलेला आहे. पण सहाव्या वर्षाची विभागणी पाहा: सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि बाकीच्या सहांत तीन विभागांत दोन-दोन महिने. रुग्णालयात कोणते विभाग असावेत याच्या यादीत मेडिसिन सक्तीचं, आणि सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग यांपैकी कोणतेही तीन. इमर्जन्सी यादीतच नाही. सहा वर्षं शिकून 'डॉक्टर ऑफ फार्मसी' ही पदवी घेणारी मुलगी अपघात विभागात एकही रात्र न काढता बाहेर पडू शकते.

आणि जिथं ही मुलगी शिकू शकते, ते रुग्णालय ३०० खाटांचं हवं, अशी अट आहे. मोठ्या रुग्णालयात वेगवेगळे आजार दिसतात, त्यामुळे अट समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा की आयजीएमसारखी १०० खाटांची रुग्णालयं कायमची बाहेर राहतात. गरिबाचा पहिला तास जिथं जातो, तिथं शिकाऊ फार्मासिस्ट कधीच पोहोचत नाही. तो पोहोचतो ट्रस्टच्या किंवा कॉर्पोरेट रुग्णालयात, जिथं कॉलेजचा करार असतो. देशातली फार्म.डी. कॉलेजंही बहुतांश दक्षिणेकडच्या राज्यांत आहेत. क्लिनिकल फार्मसीची सुरुवातही १९९० च्या दशकात म्हैसूर आणि उटीला झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या भारती विद्यापीठासारखी थोडी ठिकाणं सोडली, तर आपल्या मुलांच्या वाट्याला येतं ते डी.फार्म. किंवा बी.फार्म.

डी.फार्म. कॉलेजांचं तर पीकच आलं आहे. फार्मसी कौन्सिलनं नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केली. त्यानंतर गल्लोगल्ली काय झालं ते वेगळं सांगायला नको. शिष्यवृत्तीची मुलं ही अशा अनेक कॉलेजांची खात्रीची कमाई आहे, हे कडू वाटलं तरी बोललं पाहिजे. समाजकल्याणकडून पैसे येतात, प्रयोगशाळा कुलूपबंद राहते, आणि रुग्णालयातलं ५०० तासांचं प्रशिक्षण अनेकदा सही-शिक्क्यावर पूर्ण होतं. सरकारचं यावरचं उत्तर काय? २०२२ मध्ये डिप्लोमावाल्यांसाठी एक्झिट परीक्षेचे नियम आले. परीक्षेला आमचा विरोध नाही, अर्धवट शिकलेल्या हातात औषध नको हे आम्हीही म्हणतो. पण प्रशिक्षणाचं एकही नवं दार न उघडता गाळण मात्र आणखी एक लावायची, यात फसवणूक आहे. ज्या मुलाला रुग्णालय कधी आतून दाखवलंच नाही, त्याला नापास करणं सोपं आहे.

कागदावर एक गोष्ट चांगली झाली. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि 'क्लिनिकल फार्मासिस्ट' ही संज्ञा कायद्याच्या भाषेत आली. पण पद आलं नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानं गट क आणि गट ड मिळून १०,९४९ जागांची जाहिरात काढली. २०२१ च्या पेपरफुटीनंतर मुलं दोन वर्षं या जाहिरातीकडे डोळे लावून बसली होती. त्यात औषध निर्माण अधिकारी होता, क्लिनिकल फार्मासिस्ट नव्हता. पद नसेल तर प्रशिक्षण कशाला, असं सरकार म्हणतं. प्रशिक्षित माणसं नाहीत तर पद कशाला, असंही सरकारच म्हणतं. हे वर्तुळ आपण ओळखतो. प्राध्यापक भरतीत, न्यायपालिकेत, सगळीकडे 'लायक उमेदवार मिळाला नाही' हे वाक्य असंच तयार होतं.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक माहिती इथंच देऊन ठेवतो. अमेरिकेत परदेशी फार्मासिस्टला पात्रता परीक्षेला बसायचं तर २००३ नंतरच्या पदवीधरांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही, फार्म.डी. बसते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा विचार करणाऱ्यांनी पदवी निवडतानाच हे पाहावं. चार वर्षं झाल्यावर कळून उपयोग नाही.

पण आमचा मुद्दा अमेरिकेचा नाही, आयजीएमचा आहे. सरकारी रुग्णालयांत इमर्जन्सी फार्मसीची एक वर्षाची, पगारी रेसिडेन्सी सुरू व्हावी. ठाण्याचं सिव्हिल किंवा कळव्याचं ५०० खाटांचं रुग्णालय हे मुख्य केंद्र असावं आणि तिथल्या रेसिडेंटनी पाळीपाळीनं भिवंडीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात काम करावं. यानं तीनशे खाटांची अटही राहते आणि गरिबाच्या दारात माणूसही येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं जुन्या फार्मसी कायद्याच्या जागी राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता. त्या वेळी आपल्या किती संघटनांनी हरकती पाठवल्या? वैद्यकीय आयोगाच्या वेळी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. फार्मसीचा मसुदा आला तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पीडीएफसुद्धा फिरली नाही.

या मागणीला आपल्याच कार्यकर्त्यांकडून दोन आक्षेप येतात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की आधी डॉक्टर द्या, मग फार्मासिस्टचं बघू. भिवंडीत डॉक्टरांची वानवा आहे हे खरं. पण सरकारला एक एम.डी. तयार करायला लागणारा काळ आणि पैसा पाहता, बेकार बसलेल्या हजारो फार्मासिस्टमधून काहींना एका वर्षात तयार करणं हे लगेच जमणारं काम आहे. आणि ते झाल्यावर आहे तोच डॉक्टर जास्त पेशंट नीट पाहू शकतो. शिवाय औषधसाठ्यावर जाणत्या माणसाची नजर राहते. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचं उघड झालं. त्या तपासाचे धागे ठाणे-भिवंडीकडच्या पुरवठादारांपर्यंत आले होते. देशभर औषधं पाठवणारी गोदामं ज्या शहरात आहेत, त्याच शहरातल्या सरकारी वॉर्डात औषध ओळखणारा माणूस रात्री नसावा, हे विचित्र आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रेसिडेन्सी आली की ती पुन्हा त्यांच्याच मुलांना मिळेल आणि आपल्यासाठी आणखी एक पायरी वाढेल, असा. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मागणी करताना शब्द नेमके हवेत. नुसतं 'प्रशिक्षण सुरू करा' म्हटलं, तर विनापगारी राबवून घेण्याची सोय होईल. आजही फार्म.डी. इंटर्नच्या मानधनासाठी विद्यार्थी संघटनांना भांडावं लागतं. बाहेरून कंत्राटावर भरलं, तर बिंदुनामावली लागणारच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला होता, तो लोकांच्या रेट्यामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, हे विसरू नका. तेव्हा रेसिडेन्सीच्या जागांना आरक्षण, ठरलेलं विद्यावेतन, राहण्याची सोय आणि वर्ष संपल्यावर आरोग्य विभागात मंजूर पद, हे सगळं एकाच निर्णयात असलं पाहिजे. एक जरी सुटलं तरी मधल्या फटीतून आपली मुलं खाली पडतात.

डिप्लोमावाल्यांचं काय, हाही प्रश्न त्यातच येतो. दहा-दहा वर्षं सरकारी रुग्णालयात काम केलेले डी.फार्म. औषध निर्माते अनुभवानं कमी नाहीत. त्यांच्यासाठी २०१४ च्या नियमांनी बी.फार्म. (प्रॅक्टिस) हा दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम आला, पण तो चालवणारी कॉलेजं फार थोडी आहेत. सरकारी फार्मसी कॉलेजांत तो नोकरी सांभाळून करता आला पाहिजे.

आणि रेसिडेन्सी म्हटलं की आपल्याला डॉ. पायल तडवी आठवल्याशिवाय राहत नाही. २२ मे २०१९ ला नायर रुग्णालयात त्या आदिवासी डॉक्टर मुलीनं आयुष्य संपवलं, वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. रुग्णालयातलं प्रशिक्षण वरिष्ठांच्या मर्जीवर चालतं, ड्युटी तेच लावतात, सही तेच करतात. उद्या तिथं डॉक्टरांच्या उतरंडीत सगळ्यात खाली फार्मसीची रेसिडेंट उभी असेल. तिची तक्रार कुणाकडे जाणार, त्या समितीत अनुसूचित जाती-जमातीचे बाहेरचे सदस्य असतील का, ड्युटीचा तक्ता लेखी लागेल का, हे सुरुवातीलाच ठरलं पाहिजे. नंतर मेणबत्त्या लावून काही उपयोग होत नाही.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये अडारकर अहवाल आला, आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांपैकी बहुतेक आज त्या विम्याच्या बाहेर आहेत, कारण अनेक कारखाने कागदावर दहापेक्षा कमी कामगारांचे आहेत. त्यांच्यासाठी ईएसआयचं रुग्णालय नाही, आयजीएम आहे. त्यामुळे इथल्या अपघात विभागात काय मिळतं हा कामगार चळवळीचाही विषय आहे, आणि यंत्रमाग कामगारांच्या संघटना, मुस्लिम मोहल्ल्यांतली मंडळं, पद्मशाली समाज यांना सोबत घेतल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. औषधाच्या कपाटासमोर सगळ्यांचे पेशंट सारखेच झोपलेले असतात.

सुरुवात माहितीपासून करता येते. आयजीएमच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका: औषध निर्माण अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्रपाळीत कोण असतं, अपघात विभागात लागणाऱ्या औषधांची यादी कोणती आणि गेल्या सहा महिन्यांत त्यातलं कोणतं औषध किती दिवस शिल्लक नव्हतं. अशीच माहिती ठाणे सिव्हिल आणि कळव्याची मागवा. कळवा महापालिकेकडे आहे, त्यामुळे अर्ज तिकडे वेगळा जाईल. फार्मसी शिकलेल्या मुलांनीच हे अर्ज लिहावेत, कारण काय विचारायचं हे त्यांना कळतं. एक लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दच चालतात. म्हणून पदांचा अर्ज वेगळा करा आणि औषधसाठ्याचा वेगळा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, पुढच्या ३० दिवसांत.